दोन दिवस की दहा दिवस? शिबिर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकची. इगतपुरी आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळे ओळखीतलं कोणी ना कोणी सतत तिथल्या विपश्यना केंद्राला, धम्मगिरीला, निघालेलं असतं आणि निघण्याआधी मला फोन करतं. माझं पहिलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर, म्हणजे मौन पाळून करायचं ध्यानाचं शिबिर, २०१२ साली झालं. त्यानंतर आणखी तीन केली, दोनदा धम्मसेविका म्हणून, म्हणजे शिबिरातली कामं बिनपगारी करायला, राहिले. शनिवार-रविवारच्या कार्यशाळाही केल्या आहेत, सभाधीटपणाच्या, वेळेच्या नियोजनाच्या आणि एक 'स्वतःला घडवा' छापाची. फोनवर मी जी उत्तरं देते तीच इथे लिहिली आहेत. लांब शिबिराचं उदाहरण म्हणून विपश्यनाच घेतली आहे, कारण तीच मला आतून माहीत आहे.

दोन दिवसांची कार्यशाळा म्हणजे लांब शिबिराचीच छोटी आवृत्ती ना?

नाही, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. दोन दिवसांत तुम्हाला काहीतरी सांगितलं जातं. दहा दिवसांत तुमच्याकडून काहीतरी करून घेतलं जातं.

तासांचा हिशेब बघा. शनिवार-रविवार सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा धरले, तर चहा, जेवण, ओळखी आणि फोटो वजा जाता हातात बारा-तेरा तास उरतात. त्यातले बहुतेक ऐकण्यात जातात. विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बसायचं, रात्री नऊला उठायचं. मधल्या विश्रांत्या, जेवणं आणि संध्याकाळचं प्रवचन वगळूनही रोज पावणेअकरा तास ध्यानाचे. दहा दिवसांत शंभराहून जास्त तास. आणि या तासांत तुम्ही कोणाचं ऐकत नसता, स्वतः काम करत असता.

दहाच दिवस का, यामागेही इतिहास आहे. या परंपरेत हे शिक्षण पूर्वी सात आठवड्यांचं असे. विसाव्या शतकात माणसाला तेवढी सवड राहिली नाही, तेव्हा आचार्यांनी मुदत कमी करून पाहिली. तीस दिवस, दोन आठवडे, दहा दिवस, अगदी सात दिवससुद्धा. दहाच्या खाली मन स्थिरावतच नाही, खोलवर काम होत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं आणि मुदत दहावर थांबली. म्हणजे आपल्याला जे 'लांब' वाटतं ते मुळात कमीत कमी आहे! कुठल्याही शिबिराची चौकशी करताना मी म्हणूनच आधी विचारते, की इतकेच दिवस का? समाधानकारक उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळतं. बाकी ठिकाणी हॉल तेवढेच दिवस मिळालेला असतो.

मग आधी विपश्यनेचं एक किंवा तीन दिवसांचं शिबिर करून अंदाज घेतला तर?

तसं होत नाही. एक आणि तीन दिवसांची शिबिरं असतात, पण ती 'जुन्या साधकां'साठी, म्हणजे ज्यांचं किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण झालं आहे त्यांच्यासाठी. मुंबईत गोराईच्या ग्लोबल पॅगोड्यात होणारी एक दिवसाची शिबिरंही जुन्या साधकांचीच.

कारण साधं आहे. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहणं. खरी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना शांतपणे पाहणं, शिकवतात ती चौथ्या दिवशी. नवख्या माणसाने तीन दिवसांत घरी जायचं म्हणजे जमीन नांगरायची आणि पेरणीच्या दिवशी गाव सोडायचं. जुन्या साधकाला विधी आधीच ठाऊक असतो, त्याला तीन दिवस उजळणीला पुरतात.

थोडी चव घ्यायचीच असेल, तर पॅगोड्यात नवीन लोकांनाही छोटं आनापान सत्र मिळतं. डोळे मिटून बसणं आपल्याला कितपत सोसतं, एवढं त्यात कळतं.

मला नेमकं कुठलं लागू पडेल?

तुम्हाला काय बदलायचं आहे ते एका वाक्यात कागदावर लिहा. 'मला चारचौघांत बोलता येत नाही', 'कामं वेळेत होत नाहीत', 'मुलाशी परीक्षेबद्दल कसं बोलावं कळत नाही' असं काही असेल, तर दोन दिवसांची चांगली कार्यशाळा घ्या. ही कौशल्यं आहेत. ती कोणी दाखवावी लागतात, दोन-चारदा करून पाहावी लागतात आणि मग रोजच्या जगण्यात घोटावी लागतात. सभाधीटपणाच्या कार्यशाळेत मला तीन मिनिटं उभं राहून बोलायला लावलं, चुका सांगितल्या, पुन्हा बोलायला लावलं. त्याचा उपयोग मला आजही होतो. त्यासाठी दहा दिवस मौनात बसण्याचं काहीच कारण नव्हतं.

वाक्य 'मला राग आवरत नाही', 'रात्री डोकं थांबत नाही', 'झालेला अपमान वर्षानुवर्षं उगाळते' असं असेल, तर गोष्ट वेगळी. हा स्वभावाचा भाग झाला. राग वाईट हे आपल्याला माहीत असतंच, ते ऐकायला कार्यशाळेत जायची गरज नाही. राग येताना शरीरात काय होतं ते वेळेवर दिसत नाही, ही खरी अडचण. ते दिसायला लागण्यासाठी सलग वेळ द्यावा लागतो. माझ्या अनुभवात याला आखूड पर्याय नाही.

वाक्य लिहिताच आलं नाही, तर कुठलीच फी भरू नका. महिनाभर थांबा.

दहा दिवसांसाठी रजा किती लागते?

नावात दहा असले तरी कॅलेंडरमधले बारा दिवस जातात. आदल्या दिवशी दुपारी पोचायचं, नोंदणी करायची, मोबाइल, पुस्तकं, वही-पेन सगळं जमा करायचं. सुटका अकराव्या दिवशी सकाळी. बुधवारी पोचायचं आणि पुढच्या आठवड्याच्या रविवारी संपणारं शिबिर निवडलंत तर शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्यांना आठ दिवसांची रजा पुरते. शनिवारी काम असेल तर दहा दिवसांची. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना अशा शिबिरासाठी रजेची तरतूद केलेली आहे, सरकारी नोकरीत असाल तर आस्थापना शाखेत विचारा.

सोमवारी सकाळी थेट ऑफिसला जाऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते. बारा दिवसांनी कानावर पडणारे हॉर्नसुद्धा अंगावर येतात. एक दिवस हातात ठेवा.

दहा दिवस घर कोण बघेल?

हा प्रश्न मला पुरुषांनी एकदाही विचारलेला नाही. बायका मात्र पहिला हाच विचारतात.

माझ्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, दोन दिवसांचं काहीतरी बघ ना, दहा दिवस कशाला?" मलाही ते पटलं होतं आणि चार वर्षं मी दोन-दोन दिवसांचंच काहीतरी बघत राहिले. त्या चार वर्षांत मी पाच कार्यशाळा केल्या. प्रत्येक वेळी डबे भरून, कणीक मळून, मुलांच्या वह्या तपासून गेले आणि जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करून गॅसचं बटण बंद आहे ना ते विचारलं. अंगाने हॉलमध्ये, मनाने स्वयंपाकघरात. फोन हातात आहे तोवर घर सुटत नाही, हे मला इगतपुरीच्या तिसऱ्या दिवशी कळलं.

तेव्हा व्यवस्था लावा, पण ती एकदाच लावा. पोळीवाल्या मावशी, मुलांना सोडणारे रिक्षावाले काका, औषधांची यादी फ्रिजवर. केंद्राच्या कार्यालयाचा फोन नंबर घरी देऊन ठेवा, खरीच निकड असेल तर निरोप तुमच्यापर्यंत पोचतो. आणि नवऱ्याला वरण-भात येत नसेल तर जाण्याआधी पंधरा दिवस शिकवा. आमच्या घरच्यांना तो तेव्हापासून येतो. हा शिबिराचा फायदा म्हणून मोजायला माझी हरकत नाही.

घरात तान्हं बाळ असेल, कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर मात्र आत्ता लांबचं शिबिर नको. इगतपुरीचं केंद्र १९७६ पासून तिथे आहे, पुढच्या वर्षीही असेल.

इतकं बसणं मला झेपेल का?

गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची मिळते, पाठीला टेकू मिळतो. शारीरिक त्रासाबद्दल अर्जात खरं लिहा, म्हणजे सोय होते. जेवण साधं शाकाहारी. नाश्ता साडेसहाला, जेवण अकराला, संध्याकाळी पाचला नवीन साधकांना चहा, मुरमुरे, फळ. रात्रीचं जेवण नाही. मधुमेह असेल तर हे आधी डॉक्टरांशी बोला आणि केंद्रालाही कळवा.

शरीर दोन-तीन दिवसांत रुळतं. कठीण जातं ते गप्प राहणं, असं लोकांना वाटतं. खरं तर बडबड्या माणसांनासुद्धा मौन आवडतं. दुसरा आणि सहावा दिवस सगळ्यात अवघड, हे शिबिरात ठरलेलंच वाक्य आहे आणि माझ्याबाबतीत ते चारही वेळा खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी वाटतं, मी इथे का आले? सहाव्या दिवशीपर्यंत दिवसातून तीनदा तासभर न हलता बसण्याचं अधिष्ठान सुरू झालेलं असतं, पायात आग होत असते आणि अजून चार दिवस बाकी असतात. सामान बांधायची इच्छा होते. दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, झाली की मौन सुटतं आणि कालपर्यंत अनोळखी असलेल्या बायका एकमेकींना मिठ्या मारतात.

मध्येच निघून आले तर?

कोणी कुलूप लावून ठेवत नाही. पण दहा दिवस राहीन असं तुम्ही अर्जात लिहून दिलेलं असतं आणि ते का लिहून घेतात हे चौथ्या-पाचव्या दिवशी कळतं. मनातलं जुनं वर यायला लागलेलं असताना उठून जाणं म्हणजे ऑपरेशन टेबलावरून मधेच उठणं, असं तिथे सांगतात. मला दुसऱ्या दिवशी जायचं होतं. दुपारी बारा ते एक सहाय्यक आचार्यांना भेटता येतं. मी गेले, रडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आजची संध्याकाळ तरी थांबा, इतकंच म्हणाल्या. संध्याकाळच्या प्रवचनात नेमकं माझ्याच मनातलं होतं. थांबले.

दहा दिवस पूर्ण राहण्याची तयारी नसेल तर दोन दिवसांचीच कार्यशाळा घ्या. अर्धवट लांब शिबिरापेक्षा पूर्ण केलेलं छोटं शिबिर केव्हाही बरं.

पैशाचं काय?

विपश्यनेला फी नाही. राहणं-जेवण धरून काहीच घेत नाहीत. आधी शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालतं आणि दान देण्याची मुभाही शिबिर पूर्ण केल्यावरच मिळते. आचार्य आणि धम्मसेवक कोणीही मानधन घेत नाहीत. मी सेवेला होते तेव्हा सकाळी ताटं मांडण्यापासून घंटा वाजवण्यापर्यंत कामं केली आणि स्वतः बसण्याइतकंच त्यातूनही शिकले.

कार्यशाळा चालवणाऱ्याने फी घ्यावी, त्याचं घर त्यावर चालतं, यात मला काही गैर वाटत नाही. पण फी आणि दबाव यांत फरक करा. त्या 'स्वतःला घडवा' कार्यशाळेत रविवारी चारपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. मग दिवे मंद केले, हळवं संगीत लावलं, आईवडिलांना मनातल्या मनात पत्र लिहायला सांगितलं, सगळे रडले. आणि डोळे पुसायच्या आत पुढच्या 'ॲडव्हान्स' पातळीचे फॉर्म हातात. आत्ता भराल तर सवलत, उद्या नाही. माझ्या शेजारच्या मुलीने क्रेडिट कार्डावर हप्ते बांधून घेतले. नोकरी लागून तिला पाचच महिने झाले होते. मला आजही त्याचा राग येतो. रडून मऊ झालेल्या माणसाकडे त्या घटकेला पैसे मागणं हे फसवणुकीच्या फार जवळचं आहे.

नियम एकच पाळा, कार्यशाळेच्या खोलीत बसून पुढच्या कुठल्याही गोष्टीचे पैसे भरू नका. घरी या, झोपा, तीन दिवसांनी ठरवा.

मी नैराश्याची औषधं घेते. जाऊ का?

आधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा, मग अर्ज करा आणि अर्जात काहीही लपवू नका. अशा शिबिरांत अर्जातच मानसिक आजारांबद्दल विचारतात आणि गंभीर आजार असेल तर प्रवेश नाकारतात. ते तुमच्या भल्यासाठी असतं. सलग तासन्‌तास एकांतात ध्यान केल्याने काही जणांची झोप उडते, अस्वस्थता वाढते, जुने आघात झपाट्याने वर येतात. निरोगी माणसालाही हे जड जातं, आजारात ते धोक्याचं ठरू शकतं.

'आमच्याकडे या, गोळ्या सुटतील' असं जिथे कोणी म्हणेल, तिथून उलट पावली परत या, मग ते दोन तासांचं सत्र असो की महिन्याचं शिबिर. गोळ्या फक्त डॉक्टरांनी कमी करायच्या. आत्ता फारच वाईट वाटत असेल तर शिबिर शोधू नका, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ताज्या दुःखाबद्दलही विचारतात. घरातलं माणूस जाऊन महिना-दोन महिनेच झाले असतील तर मी थांबायला सांगते. त्या काळात माणसाला माणसं लागतात. पण हे माझं मत, नियम नव्हे.

हे धार्मिक आहे का?

शिकवण बुद्धांची आहे, धर्मांतर नाही. ही शिबिरं भारतात सुरू करणारे आचार्य सत्यनारायण गोयंका यांचा जन्म म्यानमारमधल्या मारवाडी हिंदू कुटुंबातला. अर्धशिशीने हैराण होऊन ते १९५५ साली विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन तेव्हा तिथल्या सरकारात मोठे हिशेब अधिकारी होते. चौदा वर्षं साधना केल्यावर गोयंका १९६९ साली भारतात आले आणि पहिलं शिबिर मुंबईत घेतलं. शिबिराच्या काळापुरते जप, पूजा, उपवास बाजूला ठेवायचे असतात, त्याची तयारी ठेवून जा.

आल्यावर परिणाम किती दिवस टिकतो?

कार्यशाळेचा उत्साह साधारण बुधवारपर्यंत. दहा दिवसांच्या शिबिराचा काही आठवडे. पुढे दोन्ही ओसरतात.

कठोर वाटेल, पण हेच खरं आहे. एकवीस दिवसांत सवय लागते हे वाक्य कार्यशाळांमध्ये सर्रास ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा रोजची एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे दोन दिवस असोत की दहा, सवय शिबिरात लागतच नाही. ती घरी लागते किंवा लागत नाही.

विपश्यनेत घरी आल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. दोन तास! खरी किंमत ही आहे. पहिल्या शिबिरानंतर माझे दोन तास अडीच महिने चालले, मग मुलीची दहावी आली आणि सगळं सुटलं. तीन वर्षांनी पुन्हा दहा दिवस बसले. या वेळी घरी सांगूनच टाकलं की पहाटेचा तास माझा, संध्याकाळचा जमेल तसा. तो पहाटेचा तास अजून चालू आहे. राग अजून येतो, पण येताना कानाच्या पाळ्या गरम होतात ते आता मला कळतं आणि पुष्कळदा तेवढा अवधी पुरतो.

म्हणून फी, जागा, वक्ता यांच्याआधी हे विचारा: घरी गेल्यावर रोज काय करायचं, किती वेळ, आणि अडलं तर विचारायचं कोणाला? विपश्यनेत आठवड्याच्या सामूहिक साधना असतात, पुण्या-मुंबई-नाशिकसारख्या शहरांत त्या सहज सापडतात. ज्या कार्यशाळेकडे या प्रश्नाला 'व्हॉट्सॲप ग्रुप आहे' एवढंच उत्तर आहे, तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

दोन नको, दहाही नको. मधलं काही?

आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली ताण कमी करण्यासाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यातून एकदा अडीच-एक तास एकत्र, रोज घरी पाऊण तासाचा सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवस शांततेचा. घर-नोकरी न सोडता करता येतो, आणि आठ आठवडे म्हणजे छप्पन दिवस घरातच सराव होतो. ज्यांना घर सोडणं अशक्य आहे त्यांना मी हाच आराखडा सुचवते. भारतातही असे वर्ग चालतात, ऑनलाइनही असतात. शिकवणाऱ्याचं प्रशिक्षण कुठे झालं ते मात्र विचारून घ्या.

बसून काही होणार नाही, हात चालायला हवेत, अशा तरुण मुलांना मी सोमनाथला जायला सांगते. चंद्रपूर जिल्ह्यात मूल गावाजवळच्या या सोमनाथला बाबा आमटे यांनी १९६७ साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात आठवडाभर सकाळी श्रमदान, मग चर्चा, गाणी. आमचा भाचा तिथून आला तो स्वतःचं ताट स्वतः घासायला लागला. आईने सांगून वीस वर्षांत झालं नव्हतं.

आणि वारी विसरू नका. पुण्याहून सासवडपर्यंत एक दिवस दिवेघाट चढणारे हजारो लोक असतात, त्यांना वारी दिसते. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत जाणाऱ्याला ती तीन आठवडे पायांत भोगावी लागते. दोन्ही जणं विठ्ठलाचं नाव घेतात. एक दिवस चालणाऱ्याला मी कमी लेखत नाही, पुढच्या वर्षी तोच आळंदीहून निघालेला मी पाहिला आहे.

मुलांना पाठवावं का?

शाळकरी मुलांसाठी आनापानाची छोटी शिबिरं असतात, ती चांगली. मूल स्वतः तयार असेल तरच. शिक्षा म्हणून पाठवू नका.

ठरलं. आता सोबत काय नेऊ?

अर्ज आधी भरा, सुट्टीच्या काळातल्या जागा लवकर जातात आणि प्रतीक्षा यादी लांब असते. येता येणार नसेल तर वेळेवर रद्द करा, तुमच्या जागेवर कोणीतरी डोळे लावून बसलेलं असतं. साधं हातातलं किंवा गजराचं घड्याळ घ्या, कारण मोबाइल जमा होईल. सैल कपडे घ्या. रोजची औषधं बारा दिवस पुरतील इतकी, वरची दोन दिवसांची धरून. इगतपुरीला पहाटे उन्हाळ्यातही गारवा असतो, शाल हवीच. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर छत्री, रबरी चपला आणि कपड्यांचा एक जास्तीचा जोड घ्या. कसाऱ्याच्या घाटावरचा पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही आणि धुतलेलं काहीही वाळत नाही.